पदर उलटून पाहावा

साडीच्या दुकानात गादीवर बसलं की दुकानदार घडी मोडतो ती सुलट्या बाजूने. पदर झटकून पसरला जातो, जर दिव्याखाली चमकते, "ताई, हा रंग तुम्हाला खुलून दिसेल" हे पाठोपाठ येतंच, आणि आपलं अर्धं मन तिथेच ठरतं. दुकानदार त्याचं काम चोख करत असतो. गिऱ्हाइकानेही आपलं काम करावं. पदराचं टोक धरावं, तो उलटा करावा आणि दाराशी उजेडात नेऊन पाहावा.

हस्तकलेच्या वस्तूची सुलटी बाजू यंत्राला हल्ली फार हुबेहूब काढता येते. मोर, कमळ, वेलबुट्टी, चपलेची वेणी, तांब्याच्या घागरीवरचे ठोके, सगळ्याची नक्कल बाजारात आहे. उलटी बाजू मात्र कुणी मुद्दाम घडवत नाही. ती काम करता करता आपोआप तयार होते, त्यामुळे काम कसं झालं ते तिथे नोंदलं जातं. अडचण एवढीच, की प्रत्येक कलेची खरी पाठ वेगळी असते. पैठणीची पाठ स्वच्छ हवी, तर हिमरूची पाठ सुट्या धाग्यांचीच हवी. म्हणून बाजारात जाण्याआधी कोणत्या वस्तूची पाठ कशी असते एवढं तरी ठाऊक असावं. या प्रकरणात त्याचीच उजळणी करू.

येवला: मोर दोन्हीकडून मोरच

पैठणीचं नाव पैठणचं असलं तरी आज तिचे माग जास्त चालतात ते नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात आणि त्याच्या आसपासच्या खेड्यांत. पैठणलाही विणकाम सुरू आहे. पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण तिची हौस घरोघरी पोचवली ती टीव्हीने. 2004 मध्ये सुरू झालेल्या 'होम मिनिस्टर'मध्ये जिंकणाऱ्या वहिनींना पैठणी मिळू लागली आणि एकेकाळी सरदार-सावकारांच्या घरात दिसणारं हे वस्त्र चाळीतल्या बाईच्याही स्वप्नात आलं. मागणी वाढली, पण माग एवढ्या लवकर वाढत नाहीत. मधली जागा यंत्राने भरून काढली.

खरी पैठणी कशी विणली जाते ते कळलं की तिची पारख आपोआप कळते. पदराला रेशमाचा उभा ताणा असतो, त्यात आडवी जर भरून सोनेरी जमीन तयार होते आणि त्या जमिनीत रंगीत रेशमाची नक्षी उमटते. साध्या कापडात धोटा या काठापासून त्या काठापर्यंत जातो. पैठणीच्या पदरात तसं होत नाही. मोराच्या मानेचा निळा धागा मानेपुरताच जातो आणि तिथूनच परत फिरतो. पिसाऱ्याचा हिरवा पिसाऱ्यापुरता, चोचीचा लाल चोचीपुरता. प्रत्येक रंगाच्या प्रत्येक तुकड्याला वेगळी छोटी कांडी लागते. जिथे दोन रंग भेटतात तिथे विणकर शेजारशेजारचे धागे एकमेकांत अडकवतो. अशी एक ओळ झाली की फणीने ठोकायची आणि पुढच्या ओळीला पुन्हा सगळ्या कांड्या हातात घ्यायच्या. नक्षी दाट असेल तर दिवसभर बसूनही काही इंचच कापड पुढे सरकतं. साध्या पदराच्या साडीला काही आठवडे लागतात. बांगडी मोर किंवा असावली या नक्ष्यांनी भरलेल्या मोठ्या पदराला अनेक महिने जातात, आणि काही साड्या वर्षाहूनही जास्त काळ मागावर असतात.

या विणीत कुठलाच धागा मागच्या बाजूने लोंबकळत एका मोरापासून दुसऱ्या मोरापर्यंत जात नाही. त्यामुळे पदर उलटा केला तरी मोर मोरच दिसतो, फक्त त्याचं तोंड दुसऱ्या दिशेला होतं. रंग तेच, कडा तितक्याच स्पष्ट. कुठे एखादं धाग्याचं टोक दिसेल, ते चालतं. यंत्रमागावरच्या जकार्डमध्ये नक्षीचा धागा कापडाच्या पाठीमागून आडवा जातो आणि जिथे नक्षी असेल तिथेच वर येतो. विणून झाल्यावर ते मागचे धागे कापतात, किंवा तसेच ठेवून वरून जाळी लावतात. अशा पदराच्या पाठीवर हात फिरवला की लव लागते, अंगठी अडकते, आणि मोराच्या जागी रंगांचा नुसता घोळ दिसतो.

दुकानातला संवाद बहुतेक वेळा असा होतो:

"दादा, ही हातमागाची का?"

"पैठणीच आहे ताई, येवल्याची."

विचारलं एक आणि उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं आलं. म्हणून प्रश्नच नेमका विचारावा: "पदर हातविणीचा की जकार्डचा? काठ कसा आहे? अंगावरचे बुट्टे कसे काढलेत?" तीन वेगळे प्रश्न, कारण तिन्हींची उत्तरं वेगळी असू शकतात. हातमागावर जकार्ड बसवूनही साडी विणता येते. ब्रोकेड म्हणून विकल्या जाणाऱ्या पैठणीत अंगभर नक्षी असते ती बहुधा अशीच काढलेली. त्यात खोटं काही नाही, फक्त तिची किंमत आणि संपूर्ण हातविणीच्या पदराची किंमत यांत फरक असायला हवा. 'कडियल' शब्द कानावर आला तर त्याचा अर्थ आहे एकमेकांत अडकवलेली वीण. अशा साडीत काठाचा ताणा आणि बाणा एकाच रंगाचे असतात, त्यामुळे काठाचा रंग निखळ दिसतो. अंगाला मात्र ताणा वेगळा आणि बाणा वेगळा, म्हणून तिथे धूपछाव दिसते. 'एकधोटी' म्हणजे एकाच धोट्याने विणलेली, बहुधा नारळी काठाची आणि साध्या बुट्ट्यांची.

मग जर. अस्सल जर म्हणजे चांदीची बारीक तार चपटी करून रेशमी धाग्यावर गुंडाळलेली आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. तिचा भाव सोन्याचांदीबरोबर चढतो, म्हणून आज बहुतेक साड्यांत ती नसते. बाजारात 'टेस्टेड' म्हणतात त्या जरीत चांदीऐवजी तांब्याची तार असते आणि वर पातळ मुलामा. त्याखालची पायरी प्लास्टिकच्या चकचकीत पट्टीच्या जरीची. पदराच्या दशांमधला एक धागा मागून घ्यावा आणि नखाने खरवडावा. आतून तांबूस झाक आली तर तांबं, पट्टी सोलून निघाली तर प्लास्टिक. टेस्टेड जरीच्या पैठणीला कमी लेखायचं कारण नाही. चांगल्या विणकरांच्या बऱ्याच साड्यांत हीच जर असते. पण बिलात मात्र तिला टेस्टेडच म्हटलेलं असावं.

रेशमाची परीक्षा त्याच दशांमधल्या धाग्याने होते, अर्थात दुकानदाराला विचारून. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि मागे काळी, चिमटीत भुगा होणारी राख राहते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याची टणक गोळी होते. सुताला कागद जळल्याचा वास येतो.

ज्यांना काडी ओढायची नाही त्यांच्यासाठी शिक्के आहेत, पण ते नीट वाचता आले पाहिजेत. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने 2004 मध्ये 'सिल्क मार्क' आला. तो सांगतो की रेशीम शुद्ध आहे. साडी हातमागाची आहे असं तो म्हणत नाही. यंत्रमागावरच्या शुद्ध रेशमी साडीलाही सिल्क मार्क मिळतो. 2006 मध्ये आलेला 'हँडलूम मार्क' सांगतो की कापड हातमागाचं आहे. ते रेशमाचं आहे की सुताचं, हे तो सांगत नाही. दुकानदार सिल्क मार्कची चिठ्ठी पुढे करून "बघा, सरकारी शिक्का" म्हणतो तेव्हा तो खरंच बोलत असतो, पण अर्धं. हातमागाची रेशमी साडी हवी असेल तर दोन्ही प्रश्नांची उत्तरं हवीत.

आणि 'सेमी'बद्दल. यंत्रमागावरची, पैठणीच्या नक्षीची साडी 'सेमी पैठणी' म्हणून दोन-चार हजारांत उघडपणे विकली जाते. हळदीकुंकवाला, शाळेच्या स्नेहसंमेलनाला, रोजच्या कार्यालयात ती शोभून दिसते आणि खिशालाही झेपते. ती विकणारा लबाड नाही आणि घेणारी भोळी नाही. लबाडी सुरू होते ती 'सेमी' हा शब्द गळतो तिथे.

वेगवेगळ्या पाठी

पैठणीची पारख शिकलेली बाई छत्रपती संभाजीनगरला हिमरूची शाल उलटी करून पाहते आणि दचकते, कारण मागे सुट्या धाग्यांची रांगच असते. इथे मात्र ते बरोबर आहे. हिमरूत ताणा सुताचा असतो आणि नक्षी जादा रेशमी धाग्यांनी काढतात. ते धागे पाठीमागे मोकळे राहतात. त्या सुट्या थरामुळेच शाल मऊ आणि ऊबदार होते. पाठ सपाट, छापल्यासारखी असेल तर संशय घ्यावा तो इथे.

इरकलीत पाहायची जागा वेगळी. कर्नाटकातल्या इळकलची ही साडी आपल्याकडे इतकी रुळली आहे की ती परमुलखातली वाटतही नाही. तिच्या पदराचा ताणा वेगळा लावतात, लाल रेशमाचा. अंगाचा ताणा वेगळा. दोन्ही ताणे मागावर एकेक फासा करून जोडतात. या पद्धतीला तिकडे 'टोपी तेणी' म्हणतात. या पद्धतीत एका वेळी एकाच साडीचा ताणा लावता येतो, म्हणून हे काम वेळखाऊ आहे. साडी उलटी करून जिथे अंग संपून पदर सुरू होतो तिथे बोट फिरवलं की जोडाची रेषा हाताला लागते. नुसता रंग बदलला आहे आणि जोड नाही, तर ती इरकलीसारखी दिसणारी साडी आहे. त्याच भागातल्या कसुती भरतकामाची मजा याहून वेगळी. कसुतीचे चार टाके: गवंती, मुर्गी, नेगी आणि मेंथी. त्यातले गवंती आणि मुर्गी दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात, कारण सुई एकदा जाताना एकआड एक टाका टाकते आणि परतताना मधल्या जागा भरते. गाठ मारत नाहीत. म्हणून कसुतीच्या पाठीवर गाठींचा आणि उड्या मारलेल्या धाग्यांचा पसारा दिसला, तर ते काम यंत्राचं तरी असतं किंवा घाईचं तरी.

विदर्भातली करवतकाठी कोशाच्या रेशमाची. तिच्या काठाला करवतीचे दाते असतात, म्हणून हे नाव. तीन धोटे चालवून काठाचा आणि अंगाचा धागा दात्यादात्याशी एकमेकांत अडकवतात. त्यामुळे दाते पुढून जसे टोकदार तसेच मागूनही.

आता सोलापुरी चादर. ती उलटी केली की नक्षी तीच, पण रंगांची अदलाबदल झालेली दिसते. पुढे लाल जमिनीवर पांढरं फूल, तर मागे पांढऱ्या जमिनीवर लाल. दुहेरी विणीत दोन रंगांचे थर नक्षीच्या रेषेवर जागा बदलतात, म्हणून हे होतं. ही चादर मात्र यंत्रमागावर विणली जाते आणि तरीही अस्सल आहे. महाराष्ट्रात भौगोलिक मानांकन मिळवणाऱ्या पहिल्या वस्तूंपैकी ती एक. हे लक्षात ठेवावं, कारण 'जीआय' दिसलं की वस्तू हाताने केलेली असणार असा समज रूढ आहे. भौगोलिक मानांकनाचा 1999 चा कायदा 2003 पासून लागू झाला. मानांकनाचा मूळ अर्थ एवढाच, की या नावाची वस्तू या भागात, नोंदलेल्या पद्धतीने तयार झाली पाहिजे. ती पद्धत हाताची की यंत्राची, हे वस्तूवस्तूप्रमाणे ठरतं. बाहेरून आलेली, पातळ आणि एका बाजूने छापलेली चादर 'सोलापुरी' म्हणून विकली जाते तेव्हा तिची पाठच तिची चोरी पकडते.

कोल्हापूर: तळ आधी, वेणी नंतर

कोल्हापुरात अंबाबाईचं दर्शन घेऊन बाहेर पडलं की पाय आपोआप चप्पल लाईनकडे वळतात. दुकानांना चपलांचे झुबके टांगलेले असतात. वेणी, गोंडा, सोनेरी जर, रंगीत पट्टे यांनी डोळे दिपतात. इथेही आधी वस्तू उलटी करावी.

कोल्हापुरी चप्पल, म्हणजे तिकडचं पायताण, मुळात खिळ्याशिवाय होतं. तळ म्हशीच्या जाड कातड्याचा. हे कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं, त्याला रसायनाचा भपकारा येत नाही. तळाचे थर एकावर एक ठेवून चामड्याच्याच वादीने शिवतात. अंगावरचा पट्टा जिथे तळात शिरतो त्या दोन बाजूंच्या जिभांना 'कान' म्हणतात. ते थरांच्या मधे घालून शिवलेले असतात. त्यावरून पट्टा, पुढे अंगठा, मधोमध वेणी. कापशीची चप्पल वेगळी, कुरुंदवाडची वेगळी. करकर वाजणाऱ्या चपलेचं गुपितही तळातच असतं. थरांच्या मधे बिया ठेवतात आणि पाऊल पडलं की त्या वाजतात.

तेव्हा चप्पल उलटी करून तीन गोष्टी पाहाव्यात. कडेने थर दिसतात का? शिलाई वादीची आहे की नायलॉनच्या दोऱ्याची? कान थरांत शिवले आहेत की खालून खिळा मारून किंवा नुसत्या चिकटद्रव्याने बसवले आहेत? चौथी परीक्षा पाण्याच्या थेंबाची. पारंपरिक पद्धतीने कमावलेल्या, रंग न चढवलेल्या कातड्यावर थेंब टाकला की तो जिरतो आणि तिथे गडद डाग दिसतो. रेक्झिनवर तो थेंबच राहतो. काही कारागीर शहरातल्या फरशीसाठी चामड्याच्या तळाखाली रबर लावून देतात. तसं सांगून दिलं असेल तर ती सोय आहे, फसवणूक नव्हे.

माप घेताना नवखा माणूस हमखास चुकतो. सैल जोड उचलायला जातो.

"घट्ट होतंय की ओ हे."

"होऊ दे की दादा. चार दिसांत पायाला बसतंय बघा. सैल नेलासा तर महिन्यानं पायातनं निसटंल."

कारागिराचं म्हणणं खरं असतं. चामडं ताणतं आणि पायाच्या आकाराला येतं, म्हणून जोड अंगाबरोबर बसणारा घ्यावा. सुरुवातीला चप्पल चावते. थोडं तेल लावून कातडं मऊ करावं आणि पावसाळ्यात तिला विश्रांती द्यावी.

या चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांना मिळून. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार जिल्हे इकडचे. बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे चार तिकडचे. म्हणजे अथणीला शिवलेली चप्पलही कायद्याने कोल्हापुरीच आहे, आणि "ही कर्नाटकची, म्हणून डुप्लिकेट" हे काही दुकानांत ऐकू येणारं वाक्य चुकीचं. पुढे जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने जवळजवळ अशीच चप्पल दाखवली, आणि तीही कोल्हापूरचं नाव न घेता. महाराष्ट्रात गदारोळ झाला आणि कंपनीला ही प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचं मान्य करावं लागलं. त्या वादात नावाच्या मालकीवर पुष्कळ बोललं गेलं. पण ज्या चर्मकार कुटुंबांत पुरुष तळ कापतात आणि बायका वेण्या विणतात, त्यांच्या रोजच्या पोटापाण्यावर मिलानपेक्षा जास्त परिणाम करते ती चप्पल लाईनीतली रेक्झिनची जोडी. ती निम्म्या किमतीत 'कोल्हापुरी' म्हणूनच विकली जाते.

तांबट आळी आणि चितार आळी

पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी कानानेच सापडते. तांब्याच्या भांड्यावर हातोडीने ठोकून जो चमकदार ठिपक्यांचा पोत आणतात त्याला 'माठारकाम' म्हणतात. ते नुसत्या शोभेचं काम नाही. ठोकून ठोकून पत्रा कडक होतो, म्हणून भांडं टिकतं. आता साच्यात दाबून तसेच खळगे पाडलेली भांडी मिळतात. पाहायची जागा आहे भांड्याचं वळण, म्हणजे पोट संपून गळा किंवा बूड सुरू होतं तिथे. हाताने ठोकलेले ठिपके वळणावर लहान होतात, दाटतात, ओळ किंचित सरकते, कारण माणसाला तिथे हातोडी सांभाळावी लागते. साच्यातले खळगे सगळीकडे एकाच मापाचे. मग आत डोकावावं. अन्न शिजवायचं किंवा आंबट पदार्थ ठेवायचं भांडं असेल तर आत कल्हई हवी. दाखवायचं भांडं आणि वापरायचं भांडं यांतला फरक आतूनच कळतो.

सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी फळं, भातुकली, पाट आणि खेळणी मिळतात. हलकी खेळणी पांगाऱ्याच्या लाकडाची. पण इथली सर्वांत नाजूक वस्तू म्हणजे गंजिफा, गोल पत्त्यांचा खेळ. ही कला जवळजवळ विझली होती. सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारागिरांना बसवून ती पुन्हा उभी केली. दशावतारी गंजिफ्यात 120 पत्ते असतात. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकात बारा पानं. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून पारंपरिक पत्ता तयार होतो, आणि त्यावर हाताने रंगकाम करतात.

गंजिफ्याची पाठ मात्र काहीच सांगत नाही, आणि ती तशीच असायला हवी. पाठीवर खूण राहिली तर समोरचा खेळाडू पत्ता ओळखेल, म्हणून ती एकाच रंगाची, कोरी ठेवतात. इथे पारख तोंडावरच करावी लागते. मत्स्यावताराच्या दश्शीवर दहा मासे असतात. ते एकेक करून पाहावेत. हाताने रंगवलेल्या पानावर एका माशाची शेपटी जरा वर वळलेली, दुसऱ्याचा डोळा किंचित मोठा, असं काहीतरी सापडतंच. दहाही मासे तंतोतंत एकसारखे असतील तर ते छापलेले आहेत. छापील गंजिफाही मिळतात, स्वस्त असतात आणि खेळायला चांगल्या असतात. दोन्हींची किंमत एकच सांगितली तर मात्र हात आखडता घ्यावा.

भावाचीही पाठ असते

"भवानीची वेळ आहे ताई, परत जाऊ नका" असं म्हणत दुकानदार भाव उतरवतो तेव्हा आपण जिंकलो असं वाटतं. घासाघीस हा आपल्या बाजाराचा रिवाज आहे आणि त्यात काही गैर नाही. पण किती घासायचं हे ठरवायला भावसुद्धा उलटा करून पाहावा.

समजा, हातविणीची साडी 30,000 रुपयांची आहे. रेशीम आणि जर मिळून 12,000 गेले असं धरू. उरले 18,000. साडीला 45 दिवस लागले असतील तर रोजचे 400 रुपये आले. त्यातून मागाची डागडुजी, कांड्या भरणाऱ्या घरच्या बाईचे कष्ट आणि मधल्या व्यापाऱ्याचा वाटा जायचा. शहरात बांधकामावरचा गवंडीही याहून जास्त रोज घेतो. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण रीत उपयोगाची आहे. मालाची किंमत वजा करा, उरलेले पैसे दिवसांनी भागा. एवढ्या साध्या भागाकाराने दोन गोष्टी कळतात. पहिली, विणकराशी थेट व्यवहार करताना आणखी पाच हजार कमी करा म्हणणं म्हणजे नेमकं कुणाच्या ताटातलं काढणं आहे. दुसरी, जी जास्त कामाची: "तीन महिन्यांची हातविणी, आठ हजारांत" असं कुणी म्हणत असेल तर त्या साडीचा पदर उलटायचीही गरज नाही.

येवल्यातले बरेच विणकर व्यापाऱ्याकडून रेशीम आणि जर घेऊन साडीमागे मजुरीवर विणतात. साडी कितीला विकली गेली ते त्यांना अनेकदा ठाऊकही नसतं. म्हणून शक्य असेल तेव्हा माग दाखवणाऱ्या घरातून घ्यावं. येवल्यात अशी घरं आहेत जिथे पुढच्या खोलीत माग आणि आतल्या कपाटात साड्या. विणताना दोन ओळी पाहिल्या तरी एवढं वाचून कळत नाही तेवढं कळतं. गावापर्यंत जाणं जमत नसेल तर मुंबईतलं महालक्ष्मी सरस, पुण्यातली भीमथडी जत्रा अशा ठिकाणी कारागीर किंवा बचत गटांतल्या बायका स्वतः बसतात. तिथे विचारावं, "हे तुम्हीच करता का? सुरुवात कशी करता?" ज्याने केलं आहे तो माणूस हातवारे करून सांगायला लागतो. ज्याने नुसतं आणलं आहे तो भाव सांगायला लागतो.

राहिलं बिल. आपल्याकडे पक्कं बिल मागितलं की दुकानदाराच्या कपाळाला आठी पडते, आणि साडीच्या बिलावर बहुधा नुसतं 'साडी 1' एवढंच लिहिलेलं असतं. त्यावर चार शब्द जास्त लिहून घ्यावेत: हातमाग की यंत्रमाग, पदर हातविणीचा की जकार्डचा, रेशीम शुद्ध की मिश्र, जर कोणती. चपलेच्या बिलावर 'चामड्याचा तळ' असं लिहिलेलं असावं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार करायची वेळ आली तर 'दुकानदार तोंडी म्हणाला होता' याला फारसं वजन नसतं, लिहिलेल्या चार शब्दांना असतं. शिवाय लिहून द्या म्हटल्याबरोबर पुष्कळदा खरं उत्तर तिथल्या तिथेच मिळतं. मघाशी हातमागाची असलेली साडी "तशी सेमीच आहे ताई, पण क्वालिटी बघा" अशी होऊन जाते.

हस्तकलेबद्दल बोलताना 'कारागीर जगला पाहिजे' असं आपण कळवळून म्हणतो. कळवळ्याने एखादी साडी जास्त विकली जाते, पण दुकानदार पुढच्या हंगामात काय भरायचं ते कळवळ्यावर ठरवत नाही. गिऱ्हाइकाला जो फरक कळत नाही, त्याचे पैसे तो विणकराला देत नाही. त्याला ते परवडतही नाही, कारण शेजारचा दुकानदार तीच दिसणारी साडी चौथाई किमतीत देत असतो. दिवसातून पाच गिऱ्हाइकांनी पदर उलटा केला, कान कसे शिवलेत विचारलं, बिलावर जरीची जात लिहून मागितली, तर दोन्ही माल वेगळ्या गठ्ठ्यांत आणि वेगळ्या भावांत ठेवणं दुकानदाराच्याच सोयीचं होतं. सेमीला सेमीचा भाव मिळतो आणि हातविणीला हातविणीचा. विणकराच्या मुलाला माग पुढे चालवावा असं वाटायचं असेल तर ते या हिशेबावरच ठरेल, आणि हिशेबाची एक बाजू गिऱ्हाइकाच्या हातात आहे.